बडोद्यात चार मोहल्ल्यांना जोडणारा छोटा प्रकल्प: ५५ हजारांचा बीजनिधी कुठून आणि कुणाच्या खात्यात?

सुरसागर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही सात जण आहोत, गटाची नोंदणी नाही. वाडी, याकुतपुरा, वारसिया आणि फतेगंज या चार भागांतून प्रत्येकी सहा, अशी १८ ते ३० वयाची २४ माणसं आठ रविवार एकत्र बसवायची आहेत. घरच्या भाषा मराठी, गुजराती, उर्दू, सिंधी, मलयाळम. सणवार, स्वयंपाक, म्हणी, नात्यांची नावं हे सगळं एकमेकांकडून शिकायचं आणि शेवटी १६ पानी पुस्तिका काढायची, ३०० प्रती.

खर्चाचा अंदाज असा: जागेची झाडलोट आणि शिपाई ४,०००, चहा-नाश्ता २८ माणसं, ४० रुपये, ८ वेळा म्हणजे ८,९६०, तीन वेळच्या स्वयंपाकाचा शिधा ७,५००, दोन समन्वयकांना दर खेपेला ७०० प्रमाणे ११,२००, रिक्षा-बसभाडं ४,८००, मोबाइलला लावायचे दोन कॉलर माइक २,४००, छपाई ८,४००, समारोपाचा मांडव आणि खुर्च्या ५,०००. बेरीज ५२,२६०, वर २,७४० राखीव. एकूण ५५,०००.

अर्ज मी लिहिते आहे आणि चार ठिकाणी अडले आहे. एवढी लहान रक्कम देतं कोण? पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? न्यू जर्सीतलं एक मंडळ हजार डॉलर द्यायला तयार आहे, ते घेता येतील का? आणि असे अर्ज मुख्यतः कशामुळे नाकारले जातात?

जमाखर्च

ताई, तिसरा प्रश्न आधी घेतो. त्यात चूक झाली तर बाकीचं सगळं अडकेल.

न्यू जर्सीच्या मंडळाचे हजार डॉलर तुमच्यापैकी कुणाच्याही बचत खात्यात घेऊ नका. मंडळातले सगळे सभासद बडोद्याचे असले तरी संस्था परदेशात नोंदलेली आहे, म्हणून ती विदेशी स्रोत ठरते. सांस्कृतिक, शैक्षणिक किंवा सामाजिक कार्यक्रमासाठी असा पैसा घ्यायचा तर विदेशी अंशदान कायदा, २०१० खाली नोंदणी हवी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. पूर्वपरवानगी एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामापुरती मिळते. तिच्यासाठीही खातं दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत काढावं लागतं. हजार डॉलरसाठी हा खटाटोप परवडत नाही.

लोक यावर एक वाट सुचवतात: नोंदणी असलेल्या ट्रस्टने पैसे घ्यावेत आणि तुम्हाला पुढे द्यावेत. २०२० च्या दुरुस्तीने ही वाट पूर्ण बंद केली. विदेशी अंशदान दुसऱ्या कुणालाही, अगदी नोंदणीकृत संस्थेलाही, हस्तांतरित करता येत नाही. त्या ट्रस्टने हा प्रकल्प स्वतःचा म्हणून राबवला आणि बिलं स्वतःच्या खात्यातून थेट चुकवली, तरच चालतं.

याउलट तिकडे राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर मात्र धरतात, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी. म्हणून देणगी घेण्याआधी पासपोर्ट कुठला, हे विचारून लेखी ठेवा. बडोद्यात बऱ्याच घरांचं कुणीतरी तिकडे आहे, तेव्हा हा प्रश्न येणारच. नातेवाइकांकडून येणाऱ्या पैशाला कायद्यात सवलत आहे, पण ती तुमच्या खाजगी वापरापुरती. कार्यक्रमाची वर्गणी त्या वाटेने आणू नये. ऑनलाइन वर्गणी गोळा करणार असाल तर परदेशी कार्डाचा पर्याय बंद आहे ना, तेवढं पाहा.

आता इथल्या पैशाबद्दल. एका व्यक्तीच्या खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून, मोबदल्याशिवाय, एका आर्थिक वर्षात ५०,००० पेक्षा जास्त रक्कम आली तर ती सगळी त्याचं उत्पन्न ठरू शकते. फक्त वरचे पाच हजार नाहीत, पूर्ण ५५,०००. तुमचा अंदाज नेमका या रेषेच्या पलीकडे आहे. सात जणांत वाटून घ्यावं असं मनात येईल, पण मग हिशेब सात ठिकाणी विखुरतो आणि कुठलाही देणगीदार ते मान्य करत नाही.

सोपा रस्ता म्हणजे यजमान संस्था. गुजरातेत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आणि शिक्षण किंवा संस्कृती हे ज्याच्या उद्देशांत लिहिलेलं आहे असा ट्रस्ट शोधा. उद्देशांचं ते पान स्वतः वाचा. फक्त वैद्यकीय मदतीसाठी काढलेल्या ट्रस्टला तुमचा खर्च करता येणार नाही. त्याच्याशी दोन पानी करार करा: वेगळं खातेपान, बिलांवर सही कुणाची, किती दिवसांत पैसे चुकते, उरलेली रक्कम कुणाची. हिशेबाच्या कामाबद्दल यजमानाने ५ ते १० टक्के घेणं रास्त आहे. ट्रस्टने तुम्हाला एकरकमी पैसे द्यावेत असा आग्रह धरू नका. एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या रकमेपैकीसुद्धा फक्त ८५ टक्केच धर्मादाय खर्चात धरली जाते, आणि तुम्ही तर नोंदलेलेही नाही. त्यांनी बिलं थेट चुकवणं सगळ्यात स्वच्छ.

एवढ्या रकमेसाठी स्वतःची संस्था काढू नका. सोसायटीला किमान सात माणसं लागतात, तेवढी तुम्ही आहात हे खरं, पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रं, बदल अर्ज. आधी एक प्रकल्प पार पडू द्या.

दोन पानी अर्ज

देतं कोण, ते सांगते. कुठे जाऊ नये तेही सांगते, कारण त्यातच महिने जातात.

खासदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो, चहा-नाश्ता आणि मानधन त्यात बसत नाही. उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गुजरातसाठी आहे, पण त्याचं मुख्य काम कलापथकं आणि महोत्सव. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ शिष्यवृत्त्या (महिना १०,००० आणि २०,०००, दोन वर्षं) एकट्या कलावंताला किंवा अभ्यासकाला मिळतात, गटाला नाही. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींना अनुदान देतं. तुमच्यापैकी कुणी चारही मोहल्ल्यांतली अंगाईगीतं किंवा लग्नातली गाणी असं कलेशी थेट जोडलेलं काम नीट आखणार असेल, तर ते दार ठोठवा. शेजारसंबंध सुधारणं एवढाच हेतू तिथे पुरत नाही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मोठा वाटतो. कला, संस्कृती आणि वारसा हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेही. पण बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर तिची कंपनी मंत्रालयाकडे नोंद हवी, १२ए आणि ८०जी (आयकरातल्या धर्मादाय सवलतीच्या नोंदी) हवं, आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे यजमान ट्रस्टच्या नावानेच जाता येईल. शिवाय तिथे सुरुवात बहुधा काही लाखांपासून होते. ५५,००० चा अर्ज वाचायला लागणारी मेहनत पाच लाखांच्या अर्जाएवढीच असते.

या आकाराला शोभणारे दाते जवळचेच असतात. रोटरी-लायन्सचे स्थानिक क्लब, सहकारी बँकांचे धर्मादाय निधी, व्यापारी मंडळं, जुन्या वाड्यांचे कौटुंबिक ट्रस्ट, आणि हो, गणेशोत्सव आणि गरबा मंडळांची शिल्लक. एका दात्याकडून ५५ मागण्यापेक्षा दोघांकडून २०-२० आणि उरलेलं वस्तुरूपाने, असं केलं तर दुसरा दाता लवकर तयार होतो. पहिल्याचं संमतिपत्र अर्जाला जोडा. वस्तुरूप मदतीलाही किंमत लावून अंदाजपत्रकात दाखवा: शाळेने जागा दिली तर तिचं नेहमीचं भाडं किती, स्वयंसेवकांचे तास किती. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. त्यातून मदतनीस मिळतील.

आता चौथा प्रश्न, आणि इथे जरा थांबते. अर्ज पडतात ते बहुधा एकाच कारणाने: सगळा पैसा शेवटच्या दिवसाकडे धावत असतो. मांडव, पाहुणे, फलक, प्रकाशन. तुमच्या अंदाजपत्रकात समारोप आणि छपाई मिळून १३,४०० आहेत, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. भेटींच्या दर्जावर मात्र समन्वयकांचं मानधन सोडून काहीच नाही. दुभाषा कुठे आहे? मलयाळम बोलणारी मुलगी आणि सिंधी बोलणारा मुलगा एका गटात बसले की दोघंही हिंदीवर येतील आणि ज्याची हिंदी कच्ची तो गप्प होईल.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने दोन समाजांच्या भेटीतून पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी १९५४ मध्ये मांडलेल्या चार अटी आजही अर्ज तपासायला उपयोगी पडतात: दोन्ही बाजूंचा दर्जा समान, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वर कुणीतरी मान्यता देणारं. नुसतं एकत्र बसवल्याने या अटी पुऱ्या होत नाहीत. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत जी पद्धत वापरली ती तुमच्या आकड्यांना चपखल बसते. चार मोहल्ले, प्रत्येकी सहा माणसं. म्हणजे सहा गट, प्रत्येक गटात प्रत्येक मोहल्ल्यातला एक. कामाचे चार तुकडे करा आणि एक तुकडा एकाच्याच हातात द्या. उदाहरणार्थ, नातेवाचक शब्दांचा तक्ता: मामी, चुलती, नणंद, जाऊ यांना आपल्या घरी काय म्हणतात ते त्या एकालाच ठाऊक. चौघं बोलल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. काम असं रचलं की सगळ्यात अबोल माणसाकडेही बाकी तिघांना वळावं लागतं. अर्जात हे एका परिच्छेदात लिहा, बाकी विशेषणं काढून टाका.

पुस्तिकेबद्दल एक सूचना. १९१० नंतर सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानातल्या गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. तसंच करा. चार पेट्या, प्रत्येकीत हाताने लिहिलेल्या पाककृती, शब्दतक्ते, फोटो आणि ध्वनिमुद्रणांचं पेनड्राइव्ह. दर महिन्याला पेटी पुढच्या मोहल्ल्यातल्या शाळेत. पेटीमागे ९०० धरले तरी ३,६००. ३०० पुस्तिका निम्म्याहून अधिक कपाटात राहतात. पेटी मात्र पोचवायला कुणाला तरी पुढच्या मोहल्ल्यात जावंच लागतं.

वाडीतला ओटला

वरच्या दोघांनी कागदाचं सांगितलं, मी जमिनीवरचं सांगतो.

तारखा. लाभपाचमीनंतर सुरू करा आणि उत्तरायणाच्या आधी संपवा. किमान आठ रविवार मिळतात. त्याआधी गणपती, पर्युषण, नवरात्र; नंतर परीक्षा. जुलै-ऑगस्ट धरू नका, विश्वामित्रीला पाणी आलं की अर्धं शहर घरी बसतं. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा ठरवताना त्या वर्षीचं कॅलेंडर उघडूनच बसा. रविवारी सकाळची वेळ ठेवलीत तर फतेगंजातली चर्चला जाणारी घरं गळतात. दुपारी ४ ते ६ बरं. जागा दर दोन रविवारी बदला. आठही भेटी वाडीत झाल्या तर वाडीवाले यजमान आणि बाकीचे पाहुणे होतात, आणि समान दर्जा तिथेच संपतो.

स्वयंपाक पहिल्या तीन भेटींत नको. फक्त चहा, आणि सगळ्यांना चालेल असं बंद पाकिटातलं काही. कुणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं, हा प्रश्न लोक तोंडाने विचारत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत. चौथ्या भेटीपासून सुरू करा आणि पदार्थ असा निवडा की सगळ्यांच्या घरी त्याचं एक रूप आहे. धान्य आणि गूळ घ्या: आपली गुळपापडी, गुजराती सुखडी, मुसलमान घरांतला मलिदा, सिंधी लोलो, केरळचे उण्णियप्पम. कांदा-लसूण, कंदमुळं, अंडं असल्या अडचणी त्यात आपोआप टळतात. भांडी नवी घ्या किंवा शाळेची घ्या, कुणाच्या घरची नकोत. २८ जणांना प्रत्येक प्रकार चाखण्यापुरता हवा, प्रकारामागे दीड किलो पीठ पुरे. लोक पोटभर करतात, मग पाच प्रकार उरतात आणि शिध्याचे पैसे दुसऱ्याच खेपेला संपतात.

ध्वनिमुद्रणाआधी संमती प्रत्येकाच्या भाषेत, कागदावर, आणि आवाज, फोटो, इंटरनेटवर टाकणं या तिन्हींसाठी वेगवेगळ्या चौकटी. मुली आवाजाला हो म्हणतात आणि फोटोला नाही, हे वारंवार दिसतं. नंतर कुणी नको म्हटलं तर काढून टाकू, हेही त्यात लिहा आणि खरोखर काढा. ताईंनी वय १८ पासून ठेवलंय ते योग्य, त्याखाली पालकांची संमती लागते.

आणि २००२ ची दंगल. हा विषय प्रश्नावलीत घालू नका, पण बोलायचा नाही असा नियमही करू नका. या शहरात तो कधीतरी निघतोच. निघाला तर मुद्रण बंद, गटातलं काम थांबवून त्या माणसाचं ऐकून घ्यायचं, आणि ऐकून घेणारा कोण हे आधीच ठरलेलं हवं. समन्वयकांपैकी एक याकुतपुऱ्यातला असावा तो यासाठीही.

सुरसागर

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडव आणि छपाई काढली: १३,४०० सुटले. त्यातून पेट्या ३,६००, दुभाष्याला दर भेटीला ६०० प्रमाणे ४,८००, आणि प्रकल्पानंतर पाच महिने पेटी फिरवण्यासाठी महिना १,००० म्हणजे ५,०००. बेरीज पुन्हा तेवढीच. एका ट्रस्टने ५ टक्के घेऊन यजमान व्हायला होकार दिलाय. ती रक्कम राखीव मधून द्यावी का? आणि अहवालात काय मोजायचं? २४ माणसांत मनं किती जुळली हे कसं दाखवू?

जमाखर्च

राखीवला हात लावू नका. ५ टक्के म्हणजे २,७५० ही वेगळी ओळ लिहा, ‘यजमान संस्थेचा हिशेब-खर्च’ अशी, आणि मागणी ५७,७५० ची करा. लपवलेला खर्च दात्याला खटकतो, लिहिलेला नाही. ‘इतर’ नावाची ओळ मात्र कुठेही नको.

पैसे बहुधा हप्त्यांनी येतील, शेवटचे १० ते २० टक्के अहवालानंतर. म्हणजे आठव्या रविवारी तुमच्याकडे दहाएक हजार कमी असणार. ते तोवर कोण भरणार हे यजमानाच्या करारातच लिहून घ्या.

भाजीवाला, रिक्षावाला बिल देत नाही. त्यासाठी व्हाउचर पुस्तक: तारीख, कशासाठी, किती, घेणाऱ्याची सही, तुमच्यापैकी दोघांच्या सह्या. पावती ५,००० च्या वरची असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. मोबाइलवरून पैसे दिलेत तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, सोबत व्हाउचर हवंच. व्हाउचर त्याच संध्याकाळी लिहा; महिन्याने लिहायला बसलं की रकमा गोल होतात आणि लेखापरीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

दोन पानी अर्ज

ताई, २४ माणसांवर टक्केवारी लिहू नका. एक माणूस इकडे-तिकडे झाला तरी चार टक्के हलतात. सरळ संख्या द्या.

तीन गोष्टी मोजा. आठपैकी किमान सहा भेटींना किती जण आले, मोहल्ल्यानुसार. एखाद्या मोहल्ल्याचे सहापैकी दोनच उरले असतील तर तेही लिहा, आणि कारणही. दुसरं, पहिल्या आणि शेवटच्या भेटीत एकच प्रश्न: बाकीच्या तीन मोहल्ल्यांतल्या किती माणसांना तुम्ही नावाने ओळखता आणि कामासाठी फोन करू शकता? ‘दुसऱ्या समाजाबद्दल आदर वाढला का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणणार, ते उत्तर निरुपयोगी. तिसरं, संपल्यावर तीन महिन्यांनी सगळ्यांना फोन: गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी कुणाला भेटलात का, कशासाठी? उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

यातल्या तिसऱ्या गोष्टीचा फोन शेवटच्या हप्त्याच्या मुदतीनंतर येतो, म्हणून तो राहून जातो. अर्जातच लिहा की पूरक अहवाल एक पानी, एप्रिलअखेर. त्या वेळी पेट्या तिसऱ्या-चौथ्या शाळेत असतील, कुणी कुठून कुठे नेल्या त्याची नोंदही त्याच पानावर येईल. पेटीच्या झाकणाच्या आत एक वही बांधून ठेवा: तारीख, आणणाऱ्याचं नाव, नेणाऱ्याचं नाव.